कुंपणाएवढं अंजीर

ओव्हनच्या टायमरनं ‘टिंग’ केलं, तेव्हा कुठे नान्नाच्या, म्हणजे आजीच्या, स्वयंपाकघरातल्या माणसांना हातपाय असल्याची आठवण झाली. पाव्लीन मामी फडकं शोधायला लागली. हॅमिशनं उगाचच खुर्ची मागे सरकवली. नान्ना जागची उठली नाही, पण तिनं ओव्हनकडे अशी कृतज्ञ नजर टाकली, की बाई, अगदी वेळेवर बोललीस.

सगळ्यांची वाचा बसली होती ती चेन्सू मामाच्या टी-शर्टमुळे. रविवारी तो आईकडे जेवायला यायचा तो चर्चमधून सरळ, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आज मधे घरी जाऊन त्यानं कपडे बदलले होते. छातीवर ‘हॅव्हिल’, पाठीवर ‘हॅव्हिल’, आणि दोन्हीकडे पक्षाचा तो भडक रंग. समोरच्या खुर्चीवर त्याची भाची मार्तेझ बसली होती, शेजारी तिचा नवरा हॅमिश. सगळ्या टुरालाक उपनगरभर कुंपणाकुंपणावर तिचा फोटो बांधलेला होता आणि त्याखाली लिहिलं होतं : ‘मार्तेझ शुएरेब, अपक्ष.’ शनिवारी मतदान होतं.

“आईच्या घरी येताना तरी तो मळका शर्ट काढून यायचा,” मामी तिंपान्याचं, म्हणजे पापुद्र्याखाली भाजलेल्या मॅकरोनीचं, ताट बाहेर ओढत म्हणाली.

“मळका कुठे? कालच धुतलाय.”

“मी धुण्याबद्दल बोलत नव्हते.”

मार्तेझची मुलगी मिरेय टेबलाच्या कोपऱ्यावर रंगीत खडू पसरून बसली होती. सहा वर्षांची. तिनं मान वर केली. “चेन्सू आजोबा, तुझ्या पोटावर कुणाचं नाव आहे?”

“आपल्या आमदारांचं.”

“आपले म्हणजे कुणाचे?”

“तुझे, माझे, नान्नाचे. सगळ्या टुरालाकचे.”

मिरेयनं आईकडे पाहिलं, मग आजोबाच्या पोटाकडे. “मग मम्मी कुणाची होणार?”

हॅमिशला हसू आवरेना. त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तर त्यातच खोकला.

“मम्मी तुझी,” मार्तेझ म्हणाली. “खडू उचल बघू. ताटं यायचीत.”

तिंपान्याच्या वरच्या पापुद्र्याचा कुरकुरीत कोपरा मार्तेझला मिळायचा, ही या घरातली जुनी रीत. तिची आई गेली तेव्हा ती मिरेयपेक्षाही लहान होती. तेव्हापासून तो कोपरा चेन्सू मामाच सुरीनं कापून तिच्या ताटात टाकत आलेला. आज मामीनं ताट टेबलावर ठेवलं, मामानं सुरी उचलली आणि तो थांबला. मार्तेझ त्या सुरीकडे बघत राहिली. वय वाढलं, लग्न झालं, पोटी पोर आली, उमेदवारी भरली, पण त्या क्षणी तिला जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

मामानं कोपरा कापला आणि तिच्या ताटात टाकला. “खा,” तो म्हणाला. “फार वाळलीयेस. दारोदार हिंडून.”

“तूही हिंडतोयस.”

“माझं वय झालंय. मला शोभतं.”

तिच्या जिवाला एकच घोर होता. जिंकण्या-हरण्याचा तो नव्हताच. टुरालाकची जागा म्हणजे पक्षाची हमखास जागा. तिथे अपक्ष बाईनं उभं राहायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, हे तिला कळत होतं. घोर होता तो शाळेच्या फाटकाचा. मतदान तिथेच व्हायचं. शनिवारी ती तिथे आपली पत्रकं घेऊन उभी राहणार, आणि चार हातांवर, तिच्यासमोर, तिला सायकल शिकवणारा माणूस हॅव्हिलची पत्रकं वाटणार. तिला समज आल्यापासून प्रत्येक निवडणुकीला तो त्याच फाटकाशी उभा असायचा. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून पत्रकं वाटायला मदत करायची. आता लोक एकाच घरातल्या दोघांकडून दोन कागद घेणार आणि गालात हसत आत जाणार. त्यानंतरच्या रविवारी या टेबलाशी कुणी कुणाला कोपरा कापून द्यायचा?

“मी एक निरोप आणलाय,” मामा म्हणाला. काटा त्यानं खाली ठेवला होता.

“जेवू दे पोरीला,” नान्ना म्हणाली.

“जेवता जेवता ऐकेल. मार्तेझ, हॅव्हिल मंगळवारी स्टेशनवर येतोय. टीव्हीवाले येणार आहेत. रुळांवरच्या विजेच्या तारांची घोषणा होणार. टुरालाकपर्यंत.”

मागच्या कुंपणापलीकडून डिझेल गाडी धडधडत गेली. कपाटातल्या कपबश्या नेहमीसारख्या किणकिणल्या, पण या घरात त्याला कुणी आवाज म्हणत नसे.

“आणि बदल्यात?” मार्तेझनं विचारलं.

“बदल्यात काही नाही. गुरुवारी सभा आहे ना उमेदवारांची, तिथे एवढंच म्हणायचं, की मला मत देणाऱ्यांनी दुसरा आकडा हॅव्हिलला द्यावा.”

ती हसली. मतपत्रिकेवर सगळ्या नावांपुढे आकडे घालायचे असतात. जो मागे पडून बाद होतो, त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या आकड्याकडे जातात. म्हणून मोठ्या माणसांना छोट्यांचा दुसरा आकडा फार गोड लागतो. पण हॅव्हिलला आजवर कधी कुणाच्या आकड्याची गरज पडली नव्हती.

“घाबरला वाटतं,” हॅमिश म्हणाला.

“घाबरला नाही. काळजीत आहे.”

“मामा, घोषणा नक्की कशाची? तारांची, की तारांच्या अभ्यासाची?”

मामानं तिंपान्याकडे पाहिलं. पापुद्र्यावरून काटा फिरवला. “...अभ्यासाची,” तो म्हणाला. “पण या वेळी सविस्तर.”

“अभ्यास करून करून ही लाईन एव्हाना डॉक्टर झाली असेल,” हॅमिश म्हणाला, आणि मामी खो खो हसत सुटली. नवऱ्याकडे लक्ष जाताच तिनं तोंडावर फडकं धरलं, पण खांदे हलतच राहिले.

“हस तू,” मामा बायकोला म्हणाला. “तुझा दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. तुला कुठे जायचंय गाडीनं?”

“माझं सोड,” मामी म्हणाली. “हिचं बघ. पोरगी झोपेत असताना ही निघते, पोरगी झोपल्यावर परत येते. शहरातल्या इस्पितळात लोकांचं रक्त तपासते आणि गाडीत उभ्यानं स्वतःचं आटवते. तू मामा ना तिचा?”

मार्तेझला आश्चर्य वाटलं. पाव्लीन मामीनं आजवर राजकारणावर तोंड उघडलं नव्हतं. पक्षाच्या सहलीला ती सँडविच करून द्यायची, तेवढाच तिचा संबंध.

“म्हणूनच सांगतोय ना!” मामाचा आवाज चढला. “बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत थोडं वजन पाडावं. ही जागा आपली आहे, सुरक्षित आहे.”

“सुरक्षित कुणासाठी, मामा? आपण कुठे जात नाही, हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते आपल्याला काही देत नाहीत. आपण कधी येणार नाही, हे दुसऱ्यांना माहीत आहे, म्हणून तेही देत नाहीत. नदीपलीकडच्या लोकांनी दर वेळी मत बदललं, तर त्यांना नवं स्टेशन, नवे पूल, सगळं. आपल्याला काय, तर रद्द झालेल्या गाडीच्या जागी बस.”

“आणि समज, जिंकलीस. तर? विधानसभेत जाऊन बसशील. ती काय पाचला सुटते? रात्र रात्र चालते ती. मग पोरीला कोण निजवणार?”

हे मात्र वर्मी लागलं. मार्तेझनं पापुद्र्याचा तुकडा तोंडात टाकला आणि उगाच सावकाश चावला. मिरेय खडूंची डबी बंद करत होती, पण तिचे कान उघडे होते.

“ते पुढचं पुढे,” मार्तेझ म्हणाली.

उमेदवारीचा अर्ज तिनं भरला तो रागाच्या भरात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमात मिरेय पहिल्या रांगेत ढग झाली होती. मार्तेझनं अर्धी रजा काढली होती. गाडी मधेच माळावर थांबली ती थांबलीच. खिडकीबाहेर मेंढ्या, आत घामेजलेली माणसं, आणि तिच्या हातातल्या फोनवर नान्नानं शाळेतून धरलेलं चित्र. त्यात ढग दोनदा दिसला. बाकी सगळा वेळ नान्नाचा अंगठा दिसत होता. गाणं संपेपर्यंत मार्तेझ त्या अंगठ्याकडे बघत रडली होती. शेजारच्या अनोळखी माणसानं विचारलं होतं, “कुणी गेलं का?”

“माझं तर झालं मत देऊन,” नान्ना म्हणाली.

चार माना एकदम वळल्या.

“कधी?”

“बुधवारी. ती बंद पडलेली गालिच्यांची दुकानं नाहीत का, तिथे आगाऊ घेतायत. शेजारची मिसेस लाम जात होती, तर म्हटलं मलाही ने. शनिवारी रांगेत उभं राहायचं तर माझे गुडघे ऐकणार नाहीत.”

मामानं घसा साफ केला. मार्तेझनंही केला. विचारायचं दोघांनाही होतं आणि विचारायची लाजही दोघांनाच वाटत होती.

“हे बघ आई, गुप्त असतं ते,” मामा म्हणाला. “सांगायलाच पाहिजे असं नाही.”

“गुप्त कसलं? तुम्ही परके आहात का? दोघांना दिलं.”

“दोघांना म्हणजे? पहिला आकडा कुणाला?”

“अरे, दोघांना म्हटलं ना. तुझ्या त्या माणसापुढे एक. हिच्यापुढे एक. उरलेल्यांना दोन-तीन-चार. ओळख ना पाळख, पण कुणाला रिकामं सोडायला बरं वाटेना.”

हॅमिशनं डोळे मिटून घेतले. मामीनं फडकं पुन्हा तोंडावर धरलं.

“आई,” मामा हळूच म्हणाला, “दोन एक घातले की मत बाद होतं. सगळंच. कुणालाच मिळत नाही.”

“बाद?”

“बाद, नान्ना,” मार्तेझ म्हणाली. इतके दिवस विरुद्ध बाजूंनी भांडणारे ते दोघं पहिल्यांदाच एकाच सुरात बोलले होते. “तिथल्या मुलीला विचारायचं होतंस ना.”

“विचारलं की! तिला म्हटलं, बघ गं बरोबर आहे का. तर ती म्हणाली, मला बघायची परवानगी नाही. घडी घालून पेटीत टाका.” नान्नाचा चेहरा लाल झाला होता. “हे कसलं सरकार? घरातल्या दोन माणसांत एक-दोन नंबर लावायला सांगतं. चेन्सू, तू शाळेतून आलास की पाव कापायचे. पुढे ही शाळेतून आली की पाव कापायचे. कधी म्हटलं का मी, तू पहिला आणि ती दुसरी? जमत नाही मला. कधीच जमलं नाही. बाद तर बाद.”

तिनं हातातला नॅपकिन घडी घालून ताटाशेजारी ठेवला, अगदी पेटीत टाकावा तसा.

आधी मामी फुटली. मग हॅमिश. मग मार्तेझ हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं समोर पाहिलं तर मामा हसत नव्हता. तो उठला, मागचं दार उघडून अंगणात गेला, आणि जाळीचं दार त्याच्यामागे आपटलं.

“जा तू,” मामी मार्तेझला म्हणाली आणि तिच्या हातात कॉफीचे दोन कप दिले. “मी गेले तर तो माझ्याशी भांडेल. तुझ्याशी नाही भांडायचा.”

मामा अंजिराजवळ उभा होता. अंजीर अंगणाच्या अगदी टोकाला, रुळांच्या बाजूच्या कुंपणाला टेकून. खोड एवढं जाड की मिठीत मावू नये, आणि उंची मात्र कुंपणाएवढी. वर सपाट, टेबलासारखं. नान्नू सॅल्व्हूनं, मार्तेझच्या आजोबानं, बोटीतून उतरल्यावर ही जागा घेतली, कारण विकणाऱ्यानं त्याला शपथेवर सांगितलं होतं, की मागच्या रुळावर लवकरच विजेची गाडी येणार. माल्टाहून आणलेली काडी त्यानं इथे लावली, आणि पहिल्याच हिवाळ्यात शेंडा छाटला. तारांचे खांब येतील, फांद्या आड यायला नकोत म्हणून. तो होता तोवर दर हिवाळ्यात त्यानं ते झाड छाटलं. तो गेल्यावर चेन्सूनं.

“साखर दोन,” मार्तेझ म्हणाली.

मामानं कप घेतला. “बाबांचा हात यंत्रात सापडला होता ना, तेव्हा तेव्हाचा आमदार घरी आला होता. याच पक्षाचा. त्या स्वयंपाकघरात, हॅमिश बसलाय ना, त्याच खुर्चीवर बसला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यानं कारखान्यात जाऊन सगळं बघून दिलं. जाताना आईच्या हातचे पास्तीत्सी खाऊन गेला. मी दारामागून बघत होतो. तेव्हाच ठरवलं, की जन्मभर याच लोकांसाठी उभं राहायचं.”

“माहीत आहे, मामा.”

“तुला वाटतं मला कळत नाही.”

“असं मी कधी म्हटलं?”

“हॅव्हिल कधी त्या खुर्चीवर बसलेला नाही.” मामानं एक घोट घेतला. “फोन करतो. चांगलं बोलतो. निवडणुकीला.”

रूळ गुणगुणायला लागले. गाडी आली, दोनच डबे, दाराच्या काचांना चिकटलेली रविवारची माणसं. धुराचा वास अंगणात रेंगाळला. अंजिराची पानं हलली आणि पानांआडची बारकी हिरवी फळं दिसली.

“शिडी मी धरायचे,” मार्तेझ म्हणाली. “आठवतं? मी विचारायचे, मामा, तारा कधी येणार? तू म्हणायचास, पुढच्या वर्षी, पण आपण तयार असलेलं बरं.”

मामा हसला नाही. त्यानं एका फांदीचा जुना छाटलेला भाग अंगठ्यानं चोळला. तिथे वर्षानुवर्षांच्या गाठी बसल्या होत्या.

“येत्या हिवाळ्यात नाही छाटणार,” तो म्हणाला.

मार्तेझनं त्या सपाट शेंड्याकडे पाहिलं.

“वाढू दे किती वाढायचं ते. उद्या खरंच तारा आल्या तर रेल्वेवाल्यांनी येऊन छाटावं. दार वाजवावं, आईला विचारावं, आणि छाटावं.” त्यानं कप कुंपणाच्या आडव्या पट्टीवर ठेवला. “शनिवारी मी फाटकाशी हॅव्हिलची पत्रकं वाटणार नाही. संध्याकाळी फोन करून सांगतो त्याला. गुरुवारी तू काय बोलायचं ते तुझं तू ठरव.”

“मामा...”

“हुरळून जाऊ नकोस. तुझीही वाटणार नाही. पक्ष सोडलेला नाही मी.”

“मग करणार काय तू शनिवारी? घरी बसणार? तुला जमेल?”

“घरी कशाला? मतदानादिवशी शाळेचे पालक पाव-सॉसेज विकतात ना, त्यांना भाजायला माणूस हवाय. पाव्लीनच सांगत होती. मी भाजीन.”

मार्तेझला डोळ्यांसमोर ते चित्र दिसलं : शाळेचं पटांगण, धुराचा लोट, एप्रन लावलेला मामा, आणि समोर सगळ्या पक्षांची रांग. “पावात कांदा सॉसेजच्या वर की खाली?” तिनं विचारलं.

“ज्याला जसा हवा तसा. तिथे नंबर लावायचा नसतो.”

“आणि तुझं मत?”

“गुप्त असतं ते.” आता मात्र त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आईला विचार. तिथली मुलगीसुद्धा बघत नाही.”

ती त्याच्या खांद्याला टेकली. हॅव्हिलचं नाव तिच्या गालाला टोचत होतं, पण तिनं मान हलवली नाही.

ते आत आले तेव्हा नान्ना हातात नान्नूचं तपकिरी लोकरी जाकीट घेऊन उभी होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

“घाल,” ती मुलाला म्हणाली. “गार आहे.”

“आई, बाहेर उकडतंय.”

“मला गार वाटतंय. घाल.”

मामानं जाकीट घातलं आणि गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं. नाव झाकलं गेलं. नान्नानं त्याच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला आणि मामीला म्हणाली, “आता आण ते फळांचं ताट. आता बसेल तो नीट.”

निघताना मार्तेझ मागच्या पायरीवर बसून मिरेयच्या बुटांचे बंद बांधत होती. आतून मामीचा आणि हॅमिशचा भांडी घासण्यावरून वाद ऐकू येत होता. त्यांच्यावर नान्नाचा आवाज, की कुणी काही घासू नका, मी घासीन.

“मम्मी, चेन्सू आजोबा आता कुणाचा झाला?”

“कुणाचाच नाही. सगळ्यांचा. सॉसेजवाला झाला.”

मिरेयला हे एकदम पटलं. तिनं दुसरा पाय पुढे केला. दूरवर रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजायला लागली. संध्याकाळची गाडी येत होती. मिरेयनं अंजिराच्या दिशेनं मान वर केली, जणू तारा आल्याच आहेत आणि त्या बघायच्या आहेत.

“तू जिंकलीस की विजेची गाडी येणार?”

“लगेच नाही येणार. पण मी भांडणार तिच्यासाठी. रोज.”

“ती लवकर येते ना? मधे मेंढ्यांपाशी थांबत नाही?”

“नाही थांबत.”

“म्हणजे मी जागी असतानाच येणार?”

“हो. तू जागी असतानाच.”

मार्तेझनं बंदाची गाठ ओढली. विधानसभा रात्र रात्र चालते, मग पोरीला कोण निजवणार, हा मामाचा टेबलावरचा प्रश्न तिला पुन्हा ऐकू आला. मिरेयनं दोन्ही तळवे आईच्या गालांवर ठेवले आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. काही खरंच हवं असलं की ती असंच करायची.

“मग त्या गाडीत तू असशील?”